थोरली मामा

"दोघींच्या चुली वेगळ्या ठेवा," लामेकी म्हातारा म्हणाला. "दोन झोपड्यांच्या मध्ये वाट असू द्या, पण वाकडी. सरळ वाटेवरून एकीला दुसरीचं दार दिसतं, आणि मग तुमचं काही खरं नाही."

पपा व्हरांड्यात रविवारच्या उपदेशाची टिपणं काढत बसले होते. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि मान डोलावली. त्यांची स्वाहिली बोटीवर एका व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेली. समोरचा भरभर बोलला की त्यातले चार शब्द त्यांना लागत, उरलेलं ते श्रद्धेने समजून घेत.

मी दाराआडून सगळं ऐकत होते आणि मला दरदरून घाम फुटला होता. कारण लामेकी बोलत होता पपांच्या दोन बायकांबद्दल. त्याला स्वतःला दोन होत्या, त्यामुळे अगदी अधिकारवाणीने बोलत होता. पपांना मात्र एकच बायको होती, माझी आई. आणि पपा बोलत होते शनिवारी नगरहून येणाऱ्या माझ्या मामाबद्दल.

"वेगळी झोपडी कशाला?" पपा म्हणाले. "व्हरांड्यात बाज टाकू. महिनाभराचा तर प्रश्न."

"थोरल्या माणसाला व्हरांड्यात?"

"प्रवासाने अंग आंबलेलं असणार. कुठेही झोप लागेल."

"आणि धाकटी?"

पपांना वाटलं, धाकटी म्हणजे मी. "धाकटी आत, रोजच्या जागी," ते हसून म्हणाले. "आईला बिलगून झोपते ती."

लामेकी पपांच्या आणखी जवळ आला. "दोघी एका खोलीत? बिलगून?" तो म्हणाला. "पाळक, मी पंचेचाळीस वर्षं हेच जमवायला बघतोय. तुम्ही खरोखर देवमाणूस आहात." आणि काठी टेकत, स्वतःशीच मान हलवत तो निघून गेला.

"बघ पमे," पपा मला म्हणाले, "म्हातारा किती आपुलकीने चौकशी करतो. नाहीतर आपल्याकडची माणसं!"

हा सगळा घोळ मीच घातला होता, आणि तो किती खोल गेलाय हे मला त्या गुरुवारी सकाळी पहिल्यांदा कळलं.

गोष्ट अडुसष्ट सालची. मी अकरा वर्षांची होते. माझे वडील, रेव्हरंड सदाशिव ओहोळ, यांना आमच्या मंडळीने नगरहून टांझानियात सुवार्तेच्या कामासाठी पाठवलं होतं. डोडोमाच्या पलीकडे म्बुयुनी नावाचं गाव. म्बुयुनी म्हणजे गोरखचिंचेपाशी. गावाच्या तोंडाशी तसलं एक अवाढव्य झाड होतं आणि त्याच्याखाली आठवड्यातून दोनदा बस थांबे. पपांकडे आमच्या गावचं मातीचं चर्च आणि शिवाय तीन वाड्या, त्या ते सायकलवरून फिरत. सोमवारी आजाऱ्यांच्या भेटी, बुधवारी बाप्तिस्म्याचा वर्ग, गुरुवारी बायकांची सभा. ही सभा आईच्या गळ्यात पडली होती, कारण पाळकाची बायको म्हटली की सभा आलीच.

आणि मी दुभाषी. दोन महिन्यांत मी स्वाहिली पोपटासारखी बोलायला लागले होते. नगरच्या शाळेत मी ड्रिलला शेवटच्या रांगेत उभी राहणारी मुलगी होते. ड्रिल मास्तर म्हणजे माझा मामाच, त्यामुळे इतरांच्या दुप्पट ओरडा खाणारी. इथे मात्र म्हातारीकोतारी माणसंसुद्धा "पमीला बोलवा" म्हणत. मला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

आणि अशात मामाचं पत्र आलं.

"पाळकसाहेबांस बर्णबा भिंगारदिवे यांचा सलाम. वि. वि. शाळेला सुट्टी लागताच बोटीने निघत आहे. रत्नाला व पमीला घेऊन परत येईन. आपण खुशाल प्रभूची सेवा करावी. परंतु माझी बहीण काही कोणी पवित्र शास्त्रात गहाण लिहून दिलेली नाही."

पपांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मास्तरांच्या डोक्यात हे घातलं तरी कुणी?" ते म्हणाले. "मी काय तुम्हाला इथं उपाशी ठेवलंय?"

आई डाळ घोटत होती. ती घोटतच राहिली.

"जायचंय का तुला, रत्ना?"

"दादा येतोय ना," आई म्हणाली. "येऊ द्या. मग बघू."

याला काय उत्तर म्हणायचं? पपा सायकल घेऊन वाडीवर गेले आणि त्या दिवशी दोनदा पडून आले.

मला वाटे, आईला जायचंच असणार. तिची सुरुवातच वाईट झाली होती. पहिल्या रविवारी पपांनी चर्चमध्ये तिची ओळख करून दिली आणि समोरच्या साऱ्या बायकांनी तोंडाशी हात नेऊन एकदम असा काही कल्लोळ केला, लुलुलुलु करत, की आई मटकन खाली बसली. आता आपल्याकडे बोंब कधी मारतात? शिमग्याला, नाहीतर घर जळताना. आई घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. "अहो, माझ्या नावानं बोंबलल्या हो सगळ्या!" पपांनी व्याकरणाचं पुस्तक चाळलं, पण त्यात बोंब नव्हती. ती त्यांची आनंद करायची रीत आहे हे मला महिनाभराने कळलं. मी आईला सांगितलंही. ती "असं होय" म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

पुढे पुढे ती बाहेर यायला लागली. ज्वारी कांडायला बायकांबरोबर उभी राहायला लागली, मुसळ धरायला शिकली, पिठाची घट्ट उकड घोटायला शिकली, तिला तिकडे उगाली म्हणतात. पण तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या तोंडावर कधी उमटत नसे. त्यामुळे मामा आला की आई ट्रंक भरणार, असं मी धरून चालले होते.

तरीही मामा येणार याचा आनंद होताच. मामा नेणार याचं दुःख वेगळं. पत्र आलं त्या संध्याकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा या दोहोंपैकी आनंद वर आलेला होता, आणि सगळा घात तिथे झाला.

"मामा येणार!" मी ओरडले. "माझा मामा येणार!"

स्वाहिलीत मामा म्हणजे आई. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात, वर्षभर सगळं गाव माझ्या आईला "मामा पमी" म्हणत होतं. पण आपला मामा हा मामाच असतो ना! त्याला दुसरं काही म्हणायचं सुचलंच नाही.

दमारी विहिरीत पोहरा सोडत होती. दमारी म्हणजे बायकांच्या सभेची पुढारी. सहा फूट उंच, आणि आवाज असा की तिने गाणं सुरू केलं की चर्चमधल्या पाली पळत.

"तुझी मामा घरी तांदूळ निवडतेय," ती म्हणाली. "मी आत्ताच बघून आले."

"ही नाही. दुसरी. आमच्या देशातली."

मी खरं तर "दुसरा" म्हणत होते. पण स्वाहिलीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. त्या भाषेत मिशीवाल्या माणसाची बाई करायला काहीच कष्ट पडत नाहीत.

"तुला दुसरी मामा आहे?" दमारीने विचारलं.

"हो तर. ह्या मामापेक्षा सहा वर्षांनी मोठी."

विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. "मामा म्कुब्वा?" एकीने हळूच विचारलं. म्कुब्वा म्हणजे थोरली.

"हां! मामा म्कुब्वा!" मला शब्द मिळाल्याचा कोण आनंद. मामा म्कुब्वा म्हणजे तिकडे आईची थोरली बहीण, नाहीतर बापाची पहिली बायको, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"पाळक ओळखतात तिला?"

"म्हणजे काय! पपांचं आणि आईचं लग्न तिनेच तर जमवलं."

दमारीने पोहरा काठावर ठेवला. "मग आता कशाला येतेय?"

माझा आनंद ओसरला. "आईला इथून घेऊन जायला," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

दमारीने माझे डोळे स्वतःच्या पदराने पुसले, हंडा डोक्यावर चढवला आणि थेंबही न सांडता निघून गेली. मला वाटलं, किती समजूतदार बाई.

दुसऱ्या दिवसापासून आईकडे अंडी यायला लागली. मग कोंबड्या. मग रताळी. बायका येत, आईचा हात हातात घेत आणि "पोले, पोले" म्हणत. पोले म्हणजे वाईट वाटतं गं बाई. एक म्हातारी तर आईला मिठी मारून हमसून हमसून रडली. आईने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि ती गेल्यावर मला आत ओढलं.

"पमे, खरं सांग. मला काही मोठा रोग झालाय का?"

"नाही गं."

"डॉक्टरांनी तुझ्या पपांना सांगितलंय का? माझ्यापासून लपवताय का सगळे?"

रविवारी पपांनी त्यात तेल ओतलं. त्यांच्या क्रमाने त्या दिवशीचं वचन आलं होतं, "कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही." पपा रंगात आले. एकावर प्रीती केली तर दुसऱ्याचा द्वेष होईल, हात वर करून ते म्हणाले. एका मनाने मनुष्य कुणाकुणाकडे बघणार? बायका दात-ओठ खात ऐकत होत्या. पुरुष पायाकडे बघत होते. लामेकीने मात्र मोठ्याने "आमेन" म्हटलं. दोन बायकांपायी त्याला प्रभुभोजनाला बसू देत नसत, त्याला बिचाऱ्याला वाटलं, पाळक आता आपल्याच पंगतीला येतोय.

आणि गुरुवारी तो चुलींचा सल्ला द्यायला आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सरळ पपांना सांगायला हवं होतं. पण पपांचा हात जड होता, आणि मी असा विचार केला की शनिवारी मामा बसमधून उतरेल, त्याच्या मिशा सगळ्यांना दिसतील आणि मिटलं. एवढ्या मिशा असल्यावर बोलायची गरज काय?

शनिवारी आम्ही रविवारचे कपडे घालून गोरखचिंचेखाली गेलो. बघतो तर तिथे चाळीसेक बायका उभ्या. गुरुवारची अख्खी सभा. प्रत्येकीच्या हातात मुसळ.

"बघ रत्ना," पपा गहिवरून म्हणाले, "तुझ्या भावाच्या स्वागताला सगळी मंडळी लोटलीय."

"मुसळं घेऊन?"

"इकडची पद्धत असेल."

लामेकी जरा लांब, सावलीत येऊन बसला होता. त्याने पपांना हात केला आणि दोन बोटं दाखवली. पपांनीही आनंदाने दोन बोटं दाखवली.

धुरळा उडवत बस आली. ती थांबते न थांबते तोच बायकांनी तिच्या दाराशी कडं केलं. दमारी पुढे झाली, तिने मुसळ जमिनीवर आपटलं आणि बसच्या खिडक्यांकडे बघून बोलायला लागली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. त्यालाही ऐकायचं होतं.

"काय म्हणतेय गं ती?" आईने मला चिमटा काढला.

आता सुटका नव्हती. मी सांगायला लागले. "म्हणतेय, थोरल्या मामा, खाली उतरू नकोस. आल्या बसने परत जा. ह्या घरात एक आई आहे, ती आमची आहे."

"कुणाची?"

"आमची. म्हणजे त्यांची. तू. म्हणतेय, तिच्या उगालीत गुठळ्या होतात. ती मुसळ खालच्या टोकाला धरते. तिचा गळा गोड आहे पण टाळ्या सगळ्या चुकतात. आम्ही तिला शिकवतोय. तिचं शिकणं अर्धं झालंय. अर्धं शिकवून आम्ही तिला कुणाच्या ताब्यात देणार नाही."

चाळीस मुसळं एकदम जमिनीवर आपटली. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या बायकांच्या पाठींकडे बघत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो इतका घट्ट झाला की मी कळवळले.

"पण थोरली मामा कोण?" पपांनी विचारलं.

तेवढ्यात बसच्या दारातून एक पत्र्याची ट्रंक बाहेर आली. तिच्यामागून खाकी अर्धी चड्डी, आणि तिच्यामागून बाकीचा मामा. बोटीने आणि बसने पार पिळून काढलेला, पण मिशा ताठ. त्याने समोर पाहिलं. चाळीस बायका, चाळीस मुसळं. बावीस वर्षं ड्रिल शिकवलेला माणूस तो, त्याचा हात आपसूक गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. त्याने कर्रकन शिट्टी फुंकली आणि नगरच्या मैदानावरचा आवाज काढला.

"साऽऽवधान!"

दोन बायकांच्या हातून मुसळं पडली. दमारी तेवढी ढळली नाही. ती माझ्याकडे वळली. "हीच?" तिने विचारलं.

मी तोंड उघडणार, इतक्यात आई माझा खांदा सोडून धावली. "दादा!" ती ओरडली. "दादा! अरे दादा!"

आणि स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

"बहीण!" बायकांमध्ये कुजबुज झाली. "थोरली म्हणजे हिची सख्खी बहीण!"

"बहिणीला मिशा?"

"तरीच!" सावलीतून लामेकी गरजला. "सख्ख्या बहिणी! तरीच एका खोलीत झोपतात!"

मामाच्या गळ्यात आई, आईच्या पाठीमागे दमारी मुसळ उगारून, आणि मामा आईच्या डोक्यावरून विचारतोय, "रत्ने, ह्या मला मारायला आल्यात का गं? तसं असंल तर सांग, म्या बसमधीच बसतो."

मी ट्रंकेवर चढले. मामाला स्वाहिलीत काय म्हणतात तो शब्द गुरुवारपासून घोकून ठेवला होता, तो छाती फुटेस्तोवर ओरडले. "म्जोम्बा! आईचा भाऊ आहे! आमच्या भाषेत म्जोम्बाला मामा म्हणतात!"

मग दमारीचं मुसळ हळूहळू खाली आलं. तिचे खांदे हलायला लागले. तिने हात कमरेवर ठेवले, मान मागे टाकली आणि ती जी हसली! बाकीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, दोघीतिघी तर धुळीत लोळल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं आपटत होता. कुणीतरी पपांना सावकाश, एकेक शब्द सुटा करून सगळं समजावून सांगितलं. पपांचे कान लाल होत गेले.

"मला? दोन?" ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "अरे देवा, मी दोन धन्यांवर उपदेश केला!" त्यांनी माझा कान धरला, पण त्यांना इतकं हसू येत होतं की त्यांच्याबरोबर माझा कानही गदगदा हलत होता. सगळ्यात हिरमुसला तो लामेकी. तो पपांना म्हणाला, "तुम्ही दोन बोटं कशाला दाखवली मग?"

आई ट्रंकेवर बसून हसत होती. हसता हसता पदराने डोळे टिपत होती. ते टिपणं काही केल्या थांबेना.

बायका घरी गेल्याच नाहीत. त्यांनी मुसळं आमच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि चूल ताब्यात घेतली. सांत्वनासाठी आलेल्या कोंबड्यांचा रस्सा झाला. अंगणात चटया टाकल्या. मामा न्हाऊन, मिशा विंचरून पपांच्या शेजारी बसला. आई वाढत होती. हसणं एव्हाना दमत आलं होतं, आणि मग दमारीने मला जवळ बोलावलं.

"विचार त्यांना," ती म्हणाली. "भाऊ आहे, चांगलं झालं. पण तिला न्यायला आलाय हे तर खरं ना? का नेतोय? आमचं काय चुकलं?"

मी मामाला विचारलं. त्याचा घास हातात राहिला. त्याने आईकडे बघितलं.

"मला काय विचारती? हिला विचार."

"दादा," आई म्हणाली.

"नाही रत्ने. दाजी मघापासून माझ्याकडं चोरासारखं बघत्यात. मी का म्हणून वाईट व्हायचं?" त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी घालून घालून फाटायला आलेलं एक पत्र काढलं आणि पपांच्या पुढ्यात ठेवलं. अक्षर आईचं होतं. मी पपांच्या खांद्यावरून वाचलं. "दादा, मला इथून घेऊन जा. इथल्या बायकांना मी नको आहे. ह्यांना कळू देऊ नकोस, ह्यांचं काम मोडेल. तू आपणहून आलास असंच सांग."

खाली तारीख होती मागच्या ऑगस्टची.

पपांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. "मी तीन वाड्या हिंडतो," ते म्हणाले, "घरोघर विचारतो, बाई तुझं काय दुखतंय, बाबा तुझं काय दुखतंय. घरात विचारायचं राहिलंच की गं." मग ते मामाकडे वळले. "मास्तर, हिला जायचं असेल तर मीही येतो. पाळक दुसरा मिळेल यांना."

माझे वडील असं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मला भयंकर भीती वाटली.

"काय म्हणतायत?" दमारीने मला कोपराने ढोसलं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी आईकडे बघितलं. मी त्या आठवड्यात पुरेसं भाषांतर केलं होतं.

"तू नको," आई म्हणाली. "मी सांगते."

तिने हात पुसले आणि उभी राहिली. वर्षभरात ती त्या बायकांपुढे माझ्याशिवाय कधी बोलली नव्हती. तिची स्वाहिली मीठ, पाणी, लाकूड एवढ्यापुरती. "पत्र," ती म्हणाली. "मी. मी लिहिलं. भावाला. मला ने, म्हटलं." ती थांबली, शब्द शोधले. "मला वाटलं, तुम्हाला मी नको." क्रियापदं सगळी चुकली होती. पण कुणी हसलं नाही.

दमारीने रश्श्यातलं हाड चोखून संपवलं. ते बाजूला ठेवलं. "मी लग्न होऊन ह्या गावात आले," ती म्हणाली, "तेव्हा इथल्या बायका मला लांबटांगी म्हणायच्या. ही माझ्या शेजारी बसलीय ना, ही सगळ्यात जास्त. मला लिहिता येत नाही. मी एका मीठवाल्याबरोबर भावाला निरोप पाठवला, येऊन मला घेऊन जा. तो शेंगा काढायच्या दिवसांत आला."

मी आईला सांगत गेले. "मग?" आईने स्वतःच विचारलं.

"मग काय? तोवर माझ्या शेंगा पिकल्या होत्या. आपण पेरलेलं टाकून कोण जातं? भावाला कोंबडी खाऊ घातली आणि लावून दिलं."

मी हे मराठीत सांगितलं आणि मामाने आपल्या ताटलीत पाहिलं. तिथे कोंबडीची अख्खी तंगडी होती. त्याने ती उचलून आईला दाखवली.

"म्हणजे ही तीच कोंबडी म्हणायची का, रत्ने? एवढी खायची आन् निघायचं?"

आई हसली. खरं हसली. मग पपा हसले, आणि ते बघून काहीएक न कळताही सगळ्या बायका हसल्या. मी तर चटईवर कोलांटीच मारली.

"आगं पण," मामा म्हणाला, "मन बदललं व्हतं तर दुसरं पत्र टाकायचं! पंधरा दिवस बोटीत म्या नुसत्या उलट्या काढल्यात. 'येऊ नकोस'. दोन शब्द! दोन शब्द लिहायला काय झालं व्हतं तुला?"

आई त्याच्यासमोर बसून रस्सा ढवळत होती. "लिहिलं होतं," ती म्हणाली. "नाताळातच लिहिलं. पाकिटावर पत्तासुद्धा घालून ठेवला होता."

"मग टाकलं का न्हाईस?"

"टाकलं असतं तर तू आला असतास का?"

मामाच्या मिशा थरथरल्या. त्याने ताटली तिच्यापुढे सरकवली.

"वाढ," तो म्हणाला.